कडक झालं, पण पक्कं झालं का?

समजा, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्र जागून तुम्ही रेसिंग कारचं नाक बनवलंत. साच्यात कार्बन फायबरचं कापड, त्यावर इपॉक्सी रेझिन, वरून व्हॅक्यूम बॅग. दुसऱ्या दिवशी टकटक वाजवून पाहिलं, एकदम कडक! फोटो टाकले, लाइक्स आले. मग मे महिन्यातल्या दुपारी गाडी उन्हात उभी राहिली आणि नाक वाकडं झालं.

चूक उन्हाची नाही, घाईची. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की रेणू एकमेकांना धरून जाळं विणायला लागतात. पण खोलीच्या तापमानाला हे जाळं पुरतं होण्याआधीच सगळं इतकं घट्ट होतं की उरलेल्या रेणूंना हलताच येत नाही. असा भाग बऱ्याचदा ५०-६० अंशांनाच मऊ पडायला लागतो. काळा पृष्ठभाग कडक उन्हात त्याच्याही पुढे जातो. मग काय होणार?

म्हणून पोस्ट-क्युअर, म्हणजे नंतरची शेक. उष्णतेने अडकलेले रेणू पुन्हा हलतात आणि राहिलेल्या गाठी मारतात. मात्र थेट ८० अंशांवर उडी मारलीत, तर गाठी पक्क्या होण्याआधीच भाग मऊ पडून वाकेल. तासाला दहाएक अंश चढवा, वर काही तास थांबा, उतरतानाही तेवढाच धीर धरा. नेमके आकडे रेझिनच्या डेटाशीटमध्ये असतात (हो, तीच, जी कुणी वाचत नाही). शक्य असेल तर भाग साच्यातच ठेवून शेका. साचा थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा काढला असेल, तर तोच ६० अंशांच्या आसपास मान टाकतो, हे लक्षात ठेवा.

भट्टी घरीही जमते: प्लायवूडची पेटी, आतून ग्लासवूल आणि फॉइल, छोटा हीटर, हवा फिरवायला पंखा आणि तापमान राखणारा कंट्रोलर. सेन्सर हवेत लटकवू नका, भागाला चिकटवा. दोन्हींच्या तापमानात बराच फरक निघतो. थर्माकोलची पेटी नको, ती ८० अंशांच्या आसपास स्वतःच आकसायला लागते. हीटर अडकला तर वीज तोडणारा थर्मल कट-आउट हवाच. आणि पेटी चालू ठेवून चहाला जायचं नाही.

आईच्या ओव्हनकडे तर बघूही नका. त्यात एकदा रेझिन तापवलंत की पुढचा केक कुणी खायचा?