संकटकाळीं संस्थेची वाणी

एखाद्या कारखान्यावर संकट ओढवलें म्हणजे त्याची पहिली बातमी लोकांना बहुधा बाहेरूनच कळते. बातमी व खुलासा यांच्यामध्यें जो रिकामा वेळ राहतो, तो तर्ककुतर्कांनीं भरून जातो. म्हणून अशा प्रसंगीं काय बोलावें याइतकाच तें केव्हां बोलावें हाहि प्रश्न महत्त्वाचा असतो.

नाशिक जिल्ह्यांतील ओझर येथें १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा मिग विमानांचा कारखाना निघाला. पुढें तेथेंच सुखोई विमानें तयार होऊं लागलीं, आणि कारखान्यालगत कामगारांची वसाहत वसली. जेथें एका कारखान्याच्या पगारावर अनेक घरांचा जमाखर्च अवलंबून असतो, तेथें कंपनीची पत हा घरगुती चिंतेचा विषय होतो. जानेवारी २०१९ मध्यें, राफेल विमानांच्या खरेदीवरून संसदेंत वाद चालू असतांना, पगार देण्यासाठीं कंपनीला सुमारें १,००० कोटि रुपये उसने काढावे लागले अशी वार्ता पसरली. कंपनीच्या नोकरांची संख्या त्या वेळीं सुमारें २९,००० होती.

कंपनीनें दिलेला खुलासा अगदीं त्रोटक होता. बँकेकडून ९६२ कोटि रुपयांची उचल घेतली आहे. मार्चपर्यंत येणें वसूल होऊन स्थिति सुधारेल. आणि ८३ तेजस विमानें व १५ लढाऊ हेलिकॉप्टरें यांच्या मागण्या पुढच्या टप्प्यावर आहेत. त्यांत कर्जाचा इन्कार नव्हता, नेमका आंकडा होता आणि कोणावरहि दोषारोप नव्हता. सैन्यदलांकडील येणें थकलें होतें हें प्रमुख कारण मात्र त्यांत उघड सांगितलेलें नव्हतें. जो मुख्य गिऱ्हाईक, त्याच्याकडे बोट दाखविणें अवघड, ही अशा कंपनीची खरी अडचण होय.

याउलट उदाहरण कॅडबरीचें आहे. ऑक्टोबर २००३ मध्यें महाराष्ट्रांत चॉकलेटमध्यें अळ्या आढळल्या, तेव्हां कंपनीनें प्रथम दुकानदारांच्या सांठवणीकडे दोष दिला. लोकांचें समाधान त्यामुळें झालें नाहीं. पुढें २००४ सालीं वेष्टन बदलून तें अधिक पक्कें केलें, तेव्हां कंपनीच्या शब्दांना कृतीचा आधार मिळाला.

हीच कसोटी ओझरच्या कंपनीलाहि लागू पडते. ज्या मागण्या २०१९ मध्यें हातातोंडाशीं आल्या असें सांगितलें गेलें, त्यांपैकीं तेजसचा करार फेब्रुवारी २०२१ मध्यें झाला, व हेलिकॉप्टरांच्या खरेदीस मार्च २०२२ मध्यें मंजुरी मिळाली. ओझर येथें तेजसच्या जुळणीची शाखा १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं सुरू झाली. आश्वासन खोटें ठरलें नाहीं. परंतु तें फळास येण्यास वर्षें लागलीं. म्हणून संकटांत सापडलेल्या संस्थेनें तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या: काय घडलें आहे, काय निश्चित आहे, आणि कशाची केवळ आशा आहे. पगाराची वाट पाहणाऱ्या घराला या तिहींतील भेद नीट कळतो.