भूल देण्याआधीची तीन मिनिटे

"डॉक्टर, तो मास्क नको हो, जीव गुदमरतो," टेबलावर आडव्या झालेल्या काकू म्हणाल्या. वजन 112 किलो, पित्ताशयात खडे. ऑपरेशन काही फार मोठे नव्हते. मला काळजी होती ती भूल दिल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची.

आम्हा भूलतज्ज्ञांचे नाव पेशंटला बहुधा बिलावरच दिसते. त्याची तक्रार नाही. पण झोपवण्याआधी आम्ही तोंडावर मास्क का दाबून धरतो, हे मात्र लोकांना कळायला हवे.

स्नायू सैल करणारे औषध दिले, की श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास सुरू होईपर्यंत शरीर फुप्फुसातल्या शिलकीवर जगते. श्वास सोडल्यावरही निरोगी माणसाच्या फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा उरते. त्यातला प्राणवायू जेमतेम अर्धा लिटर आणि शरीराचा खर्च मिनिटाला पाव लिटर! म्हणून आधी तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे नत्रवायू बाहेर पडून ती जागा प्राणवायूने भरते. सडपातळ माणसाला मग सात-आठ मिनिटांची सवड मिळते. अतिलठ्ठ माणसाला मात्र तीनसुद्धा मिळत नाहीत. उताणे झोपले की पोट श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुस आखडते. शिल्लक कमी आणि खर्च जास्त. त्यात जाड मानेमुळे नळी घालणेही अवघड.

पुण्यात 1924 च्या जानेवारीत ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचे अपेंडिक्सचे ऑपरेशन केले, तेव्हा मध्येच वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा नव्हताच. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागींनी शोधले ते 1970 च्या दशकात. गांधीजींचा देह किडकिडीत होता, हे भूल देणाऱ्याचे भाग्यच म्हणायचे!

आता वजनाचा काटाही पुरा विश्वासाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन सारखेच, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट सुखवस्तू, असे पेशंट आमच्याकडे रोज येतात. म्हणून मी काट्याबरोबर पोटाकडेही बघतो.

उपाय साधे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या 2005 च्या एका अभ्यासात अतिलठ्ठ पेशंटना उताणे ठेवून ऑक्सिजन दिला, तेव्हा सरासरी 155 सेकंद मिळाले. 25 अंश डोक्याकडून उंच ठेवल्यावर 201. पाऊण मिनिट, तेही फुकट! मास्क घट्ट हवा, कारण फटीतून खोलीतली हवा शिरली की सगळे मुसळ केरात. मास्कमधून थोडा दाब दिला, तर मिटलेली फुप्फुसे उघडी राहतात. नाकातून जोराने ऑक्सिजन सोडणारी यंत्रेही आली आहेत. श्वास थांबल्यावरही ती चालू ठेवता येतात, हा त्यांचा गुण. पण घट्ट मास्क आणि उताराची जागा ती घेतील, असे मला वाटत नाही.

काकूंच्या मुलाने आदल्या दिवशी व्हरांड्यात जाता जाता सांगितले होते, "आई घोरता घोरता मध्येच श्वास थांबवते." तपासणीच्या कागदावर हे कुठेच नव्हते. घरच्यांना घोरणे म्हणजे चेष्टेचा विषय वाटतो. माझ्यासाठी ती सगळ्यात मोलाची बातमी होती.

खांद्यांखाली घड्या घातलेली ब्लँकेट्स रचली, कान छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेच्या रेषेत आणला. "काकू, मास्क तुम्हीच धरा. मी वरून नुसता हात ठेवतो." स्वतःच्या हातात आल्यावर त्यांची भीती ओसरली. घड्याळ लावून तीन मिनिटे झाली, थोडा दाब दिला, मग औषध. नळी दुसऱ्या प्रयत्नात बसली. ऑक्सिमीटरवर आकडा 94 होता.

संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारले, "डॉक्टर, एवढी उंच उशी कशाला दिली होती? मान अवघडली ना माझी!"