रेघ बोलते तेव्हा



दारात रांगोळी काढताना मन थाऱ्यावर नसलं की रेघ वाकडी जाते. शेजारीण बघते आणि विचारते, "काय गं, बरं नाही का?" बोटांतून मन रेघेत उतरतं ते असं. आज आम्ही शाईच्या रेघेबद्दल बोलणार आहोत.

१९४३ साली बंगालात मोठा दुष्काळ पडला. महायुद्ध चालू होतं, तांदळाचे भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. तेव्हा चित्तप्रसाद भट्टाचार्य नावाचे तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. दिसलेली माणसं त्यांनी काळ्या शाईने काढली.

ती चित्रं एकदा पाहिली की डोळ्यांसमोरून हलत नाहीत. रंग नाही, नटवणं नाही. बारीक रेघ बरगडी न् बरगडी दाखवते. जाड काळी रेघ खोल गेलेल्या डोळ्यांत अंधार भरते. भराभर ओढलेल्या रेघांतून फाटकं लुगडं दिसतं. आणि जिथे रेघच नाही, तो कोरा कागद रिकाम्या घरासारखा वाटतो. काही चित्रांसोबत चित्तप्रसादांनी त्या माणसाचं नावही लिहिलं. मेलेल्यांच्या आकड्यात त्याचं माणूसपण हरवू नये, म्हणूनच असेल.

या चित्रांची पुस्तिका निघाली, तर इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. सरकारलासुद्धा रेघेची भीती वाटली! पुढे चित्तप्रसाद बरीच वर्षं आपल्या जवळच, मुंबईत अंधेरीला राहिले. १९७८ साली ते वारले.

हे ऐकून आमच्या गटाने ठरवलं, आपणही काढून बघू. विषय घेतला उन्हाळ्यातली पाण्याची वाट. तानसा, भातसाची धरणं आपल्या शहापुरात, त्यांचं पाणी मुंबईला. पण चैत्र-वैशाखात आपल्या कितीतरी पाड्यांवर डोक्यावरचा हंडा काही सुटत नाही. चुलीतला कोळसा घेतला, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली. एकीने फक्त एक लांब रेघ ओढली आणि टोकाला हंडा काढला. रेघ मध्ये तीन जागी तुटली होती. आम्ही विचारलं, "हात थांबला का गं?"

ती म्हणाली, "नाही. तिथे मी टेकते."

मग कुणीच काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, चित्र येत नाही म्हणू नका. तुमच्या वाटेची एक रेघ ओढा आणि खाली तुमचं नाव लिहा. पुढच्या बैठकीला घेऊन या.