मुकादमाच्या हाती किल्ल्या

महाशिवरात्रीची जत्रा पांगली की मार्कंड्याला वैनगंगेचा काठ सुना होतो. मग मागे उरतो तो देवळाची दिवाबत्ती पाहणारा, पेटीचा हिशेब लावणारा, दाराला कुलूप घालणारा माणूस. आम्हा चामोर्शीकरांच्या ओळखीचा. कोकणातल्या मराठी ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएलांचा, असाच एक माणूस आहे. त्याला मुकादम म्हणतात.

शब्द गावगाड्यातला, हिब्रू नव्हे. मला त्याचंच अप्रूप वाटतं. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं राहण्याआधीही कोकणात समाज होता, त्याची लग्नं आणि तंटे होते, आणि ते निस्तरणारी वडीलधारी माणसं होती.

मुंबईचा पहिला मुकादम शिपाईगडी होता. सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल इझिकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटून परत आले आणि 1796 मध्ये मांडवीत त्यांनी सिनेगॉग बांधलं. पुढे त्याला शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार, असं नाव मिळालं. तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. भिंती उभ्या राहिल्या तरी आत तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची पोथी, हवी, म्हणून ते कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथंच वारले. पोथ्या आणायला गेलेला मुकादम परत आलाच नाही. या पदाची सारी जोखीम मला त्या एका प्रवासात दिसते.

पुढे कामं वाटली गेली. प्रार्थना म्हणायला हजान, पैसा सांभाळायला गबाई, झाडलोट आणि दिव्यांना शमाश, आणि सगळ्यांवर मुकादम. सिनेगॉगंही वाढली. 1840 च्या सुमारास मतभेदांतून मुंबईत दुसरं झालं. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे. माणसं जोडून ठेवणं हेच मुकादमाचं अवघड काम, आणि ते दर वेळी साधलं नाही.

1950 मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. नोंदणी, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. मानाच्या खुर्चीला कागदांचा गठ्ठा आला. त्याच सुमारास इस्राएलची वाट खुली झाली होती आणि घरंच्या घरं निघून गेली. एकेकाळी वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता काही हजारांवर आला आहे. 2016 मध्ये राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा अलिबागच्या इस्राएल आळीला नावापुरते इस्राएल उरले होते.

सामुदायिक प्रार्थनेला परंपरेनं दहा प्रौढ पुरुष लागतात. पूर्वी मुकादमाला बसायला जागा पुरवावी लागे, आता माणसं जमवावी लागतात. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत कोण गावात आहे, कोण आजारी आहे, याची विचारपूस करायची आणि शनिवारी सकाळी दार उघडून मोजायचं: सात, आठ, नऊ.