शुक्रावरील बिऱ्हाड

मध्यंतरीं एका संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास आम्ही नातवंडांसह गच्चीवर बसलों होतों. शुभंकरोति नुकतीच आटोपली होती. पश्चिमेस शुक्राची चांदणी अशी कांहीं तेजस्वी दिसत होती कीं, खालून जेवणाची हांक आली तरी कोणाचा पाय निघेना. तेवढ्यांत आमचा नऊ वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, पृथ्वी खराब झाली तरी काय बिघडलें? आपण सगळे तिकडे राहायला जाऊं!"

मोठीं माणसें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ह्याच चांदणीविषयीं एकदां भर वर्गांत आमची फजिती झालेली आहे, आणि ती हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

गोष्ट १९८२ सालची. आम्ही शिक्षकी पेशांत नवे होतों. आमचा मूळचा पिंड संस्कृताचा. पण लहान शाळेंत जो तास वांट्यास येईल तो निमूटपणें घ्यावयाचा, ह्या न्यायानें भूगोलहि आमच्याकडे आला होता. वडिलांच्या पेटींतील एका जुन्या पुस्तकाच्या आधारें आम्हीं मुलांना ठासून सांगितलें कीं, शुक्र हा पृथ्वीचा जुळा भाऊ आहे, तो सदैव मेघांनीं झांकलेला असतो, त्या मेघांखालीं घनदाट अरण्यें असावींत आणि पुढेंमागें मनुष्य तेथें वसाहत करील. मुलें खूष झालीं. आठवड्याभरानें एका मुलानें वर्तमानपत्राचें कात्रण आणून आमच्या टेबलावर ठेविलें. रशियन यानानें शुक्राच्या भूमीवर उतरून काढलेलें तें छायाचित्र होतें. "गुरुजी, ह्यांत झाड कोठेंच नाहीं. नुसते दगड आहेत." आम्हीं चित्र पाहिलें, खालचा मजकूर वाचला आणि सर्व वर्गासमोर आपली चूक कबूल केली. तेव्हांपासून ह्या ग्रहाची बातमी आम्हीं सहसा चुकविलेली नाहीं.

वस्तुतः शुक्राची आणि आपली ओळख आजकालची नव्हे. भार्गव, उशना, काव्य, दैत्यगुरु हीं त्याचीं नांवें अमरकोश पाठ केलेल्या पिढीच्या जिभेवर होतीं. त्याचा अस्त असतां आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त धरीत नाहींत, हें पंचांग उघडणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पण ओळख असणें निराळें आणि शेजाऱ्याच्या घरांत डोकावणें निराळें.

त्या जुन्या पुस्तकाचाहि सर्वस्वीं दोष नव्हता. शुक्राचा व्यास सुमारें १२,१०० किलोमीटर, तर पृथ्वीचा सुमारें १२,७४० किलोमीटर आहे. पृथ्वीवर ५० किलो भरणारा मनुष्य तेथें सुमारें ४५ किलो भरेल. इतका सारखा आणि इतका जवळचा दुसरा ग्रह नाहीं. १७६१ सालीं शुक्र सूर्यबिंबावरून सरकत असतां रशियन पंडित मिखाइल लोमोनोसोव्ह ह्यांनीं त्याच्या कडेस प्रकाशाची रेघ पाहिली आणि त्यास वातावरण असलें पाहिजे असें अनुमान काढलें. पुढें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत नोबेल पारितोषिक मिळविलेले स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस ह्यांच्यासारख्या विद्वानानेंहि शुक्र हा ओलसर, दमट आणि वनस्पतींनीं भरलेला असावा असें लिहिलें. ढग म्हटले कीं पाणी, पाणी म्हटलें कीं झाडें, आणि झाडें म्हटलीं कीं माणसाचें घर. कल्पनेची ही शिडी मोठी मोहक होती. तिची पहिलीच पायरी खोटी निघाली.

१९३२ सालीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंतून पाहतां शुक्राच्या हवेंत कार्बन डायॉक्साइड, म्हणजे आपण उच्छ्वासावाटे टाकतों तो कर्बवायु, विपुल असल्याचें आढळलें. १९६२ च्या डिसेंबरांत मॅरिनर-२ हें अमेरिकन यान शुक्राजवळून गेलें आणि तेथील भूमि विलक्षण तापलेली आहे ह्याविषयीं फारशी शंका उरली नाहीं. आज आपणांस ठाऊक आहे तें असें: भूमीवरील उष्णता सुमारें ४६५ अंश सेल्सिअस आहे. शिसें ३२७ अंशांवर वितळतें. म्हणजे तेथें शिशाचें भांडें ठेविलें तर त्याचा रस होईल. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारें ९२ पट, म्हणजे समुद्रांत जवळजवळ ९०० मीटर खोल बुडी मारल्यासारखा. हवेंत ९६ टक्क्यांहून अधिक कर्बवायु. आणि ज्या ढगांवर आम्हीं अरण्यें उभीं केलीं होतीं, ते ढग गंधकाच्या तेजाबाचे!

ह्यांतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी कीं, शुक्राचें सौंदर्य ह्या तेजाबामुळेंच आहे. सूर्याचा जो प्रकाश त्याच्यावर पडतो त्याचे सुमारें तीनचतुर्थांश हे ढग परत फेंकतात. म्हणून तो इतका झळाळतो. गच्चीवरून आपण ज्याला रूप म्हणतों तें त्या विषाचेंच तेज आहे.

अशा स्थळीं जाण्याची उमेद कोणीं धरावी? परंतु मनुष्यप्राणी हट्टी. रशियानें व्हेनेरा नांवाच्या यानांची माळच सोडली. १९६७ सालचें व्हेनेरा-४ हें यान हवेंत शिरून माहिती पाठवूं लागलें, पण भूमीपर्यंत पोंचण्यापूर्वींच मुकें झालें. १९७० च्या डिसेंबरांत व्हेनेरा-७ भूमीवर टेकलें आणि सुमारें २३ मिनिटें क्षीण आवाजांत बोललें; परग्रहाच्या पाठीवरून पृथ्वीला आलेला तो पहिला निरोप. १९७५ सालीं व्हेनेरा-९ नें पहिलें छायाचित्र पाठविलें. १९८२ च्या १ मार्चला व्हेनेरा-१३ उतरलें. त्यानें ३२ मिनिटें टिकावें अशी योजना होती. तें १२७ मिनिटें टिकलें. आमच्या विद्यार्थ्याच्या कात्रणांतील दगड ते हेच. त्यामागोमाग आलेल्या व्हेनेरा-१४ ची हकीकत मोठी गमतीची आहे. मातीचा कठीणपणा मोजण्यासाठीं त्याला एक लोखंडी हात होता. तो नेमका कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झांकणावर जाऊन टेकला. कोट्यवधि मैलांचा प्रवास करून शेवटीं मोजलें तें आपल्याच झांकणाचें काठिण्य! घरोघरच्या कारभाऱ्यांस अशा प्रसंगाचें नवल वाटणार नाहीं.

१२७ मिनिटें हा विक्रम अद्याप मोडलेला नाहीं. पुरणावरणाचा स्वयंपाक व्हावयास आमच्या घरीं ह्याहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळहि पोलादाच्या यंत्रास तेथें धड उभें राहतां आलेलें नाहीं.

तरीहि वसाहतीची आशा सुटली नाहीं. १९६१ सालीं अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन ह्यांनीं सुचविलें होतें कीं, शुक्राच्या ढगांत सूक्ष्म शेवाळ पेरावें. तें कर्बवायु खाऊन प्राणवायु सोडील आणि काळांतरानें ग्रह निवेल. तेथील हवा किती दाट आणि किती कोरडी आहे हें कळल्यावर त्यांनींच पुढें तो विचार टाकून दिला. तेव्हां खालचें घर राहण्याजोगें नाहीं असें पाहून माणसाची दृष्टि माडीकडे वळली. भूमीपासून सुमारें ५५ किलोमीटर उंचीवर उष्णता आपल्या वैशाखांतल्यापेक्षांहि कमी, साधारण २७ अंश, आणि दाब पृथ्वीच्या निम्म्याच्या आसपास आहे. शिवाय आपली श्वासाची हवा कर्बवायूहून हलकी असल्यामुळें ती भरलेला प्रचंड फुगा तेथें लांकूड पाण्यावर तरंगावें तसा तरंगेल. म्हणजे ज्या हवेंत राहावयाचें तीच घराला उचलून धरणार.

ही नुसती कविकल्पना नव्हे. १९८५ च्या जूनमध्यें रशियाच्या व्हेगा-१ आणि व्हेगा-२ ह्या यानांनीं हेलियम भरलेले दोन फुगे सुमारें ५४ किलोमीटर उंचीवर सोडले. प्रत्येकानें सुमारें ४६ तास काम केलें आणि वाऱ्याबरोबर ११,००० किलोमीटरांची मजल मारली. २००३ सालीं नासाचे शास्त्रज्ञ जेफ्री लँडिस ह्यांनीं अशा तरंगत्या नगरांचा सविस्तर विचार मांडला. आणि २०१५ च्या सुमारास नासाच्याच लँग्ले केंद्रांतील कांहीं तज्ज्ञांनीं दोन माणसांनीं महिनाभर तेथें तरंगत राहावें अशी योजना कागदावर रेखाटली. ती कागदावरच आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. पण चाळीसएक वर्षें एकत्र कुटुंब चालविलें आहे. त्या अनुभवानें ह्या बिऱ्हाडाचा विचार करितां कांहीं प्रश्न मनांत येतात. पाणी कोठून? तेजाबाच्या थेंबांतून काढावें लागेल. धान्य कोठें पिकवावें? पायाखालीं माती नाहीं. धातु, दगड, चुना सर्व खालीं, आणि खालीं जातां येत नाहीं. हातून निसटलेली पळी पुन्हा दिसावयाची नाहीं. घराची प्रत्येक शिवण तेजाबापासून राखावयाची. दार उघडून अंगणांत जाण्याची सोय नाहीं. आणि माहेरीं परत यावयाचें तर पृथ्वीवरून उडण्यास लागतो जवळजवळ तेवढाच जोर, लोंबकळत्या घरांतून लावावा लागणार. हें सर्व कधींच साधणार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जेथें प्रत्येक घोट आणि प्रत्येक श्वास करून घ्यावा लागतो, तेथें छावणी होईल, घर होणें कठीण.

मग हा जुळा भाऊ असा कां झाला? १९७८ सालीं पायोनिअर यानांनीं तेथील हवा तपासली तेव्हां तींतील हायड्रोजनापैकीं जड हायड्रोजनाचें प्रमाण पृथ्वीच्या मानानें शंभरपटीहून अधिक आढळलें. ह्यावरून पूर्वीं शुक्रावर आतांपेक्षां पुष्कळ अधिक पाणी होतें असें मानितात. पण त्यास पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट ऊन मिळतें. उन्हानें वाफ झाली. वाफेनें उष्णता कोंडली. कोंडलेल्या उष्णतेनें आणखी वाफ झाली. उंच गेलेल्या वाफेचे सूर्यकिरणांनीं तुकडे केले आणि हलका हायड्रोजन अवकाशांत निसटला. पाणी गेलें तेव्हां कर्बवायूस धुऊन खडकांत कोंडणारें कोणी उरलें नाहीं. आपल्या पृथ्वीवरहि कर्बवायु कमी नाहीं. तो बहुतांशीं चुनखडीच्या खडकांत बंदिस्त आहे, आणि सगळा मोकळा केला तर शुक्राच्या तोडीचा भरेल असा अंदाज आहे. दोघां भावांची इस्टेट सारखीच. एकाची पेटींत राहिली, एकाची उधळली गेली.

पृथ्वी उद्यां शुक्रासारखी होईल असें कोणीं समजूं नये. दोहोंत फार अंतर आहे. पण यंत्रयुगापूर्वीं आपल्या हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायु सुमारें २८० भाग होता, तो आतां ४२० च्या वर गेला आहे. १९८८ सालीं अमेरिकन सेनेटपुढें ह्या धोक्याची साक्ष देणारे जेम्स हॅन्सन ह्यांनीं आपल्या संशोधनाचा आरंभ शुक्राच्या वातावरणापासूनच केला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

येथें आम्हांस महाभारताच्या आदिपर्वांतील कचाची कथा आठवते. बृहस्पतीचा पुत्र कच शुक्राचार्यांच्या घरीं गेला. असुरांनीं त्यास वारंवार मारलें, शेवटीं जाळून त्याची राख गुरूंच्याच मद्यांत मिसळली. तरी तो संजीवनी विद्या घेऊन निघाला. देवयानीनें राहण्याचा आग्रह केला तरी तो राहिला नाहीं. कारण तो तेथें बिऱ्हाड थाटण्यास गेलाच नव्हता. आपल्या लोकांस जगविणारी विद्या आणण्यास तो गेला होता.

शुक्रावरील स्थळांस बहुधा स्त्रियांचीं नांवें देतात. तेथील एका विस्तीर्ण पठारास लक्ष्मीचें नांव आहे, आणि एका विवरास आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचें. १८८३ सालीं त्या समुद्रापार गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेतली, परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, निवर्तल्या. त्याहि परदेशीं राहावयास गेल्या नव्हत्या. विद्या आणून आपल्या बायाबापड्यांस जगवावें म्हणून गेल्या होत्या. त्या भयाण ग्रहावर त्यांचें नांव आहे हें आम्हांस फार उचित वाटतें.

आपल्या इस्रोनें २०२८ सालीं शुक्राभोंवतीं फिरणारें यान पाठविण्याचें योजिलें आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें त्यास मान्यता दिली आहे. त्यास आमचा मनःपूर्वक आशीर्वाद आहे. शुक्राकडे अवश्य जावें. पण कचासारखें जावें. दुसरें घर तयार आहे अशी समजूत मुलांच्या मनांत एकदां बसली कीं, पहिल्या घराचें गळकें छप्पर शाकारण्यास कोणी उठत नाहीं. आम्हीं एकदां ती समजूत तीस मुलांस शिकविली; निदान नातवास तरी ती शिकवूं नये.

म्हणून त्या संध्याकाळीं आम्हीं त्यास हें सर्व सोप्या शब्दांत सांगितलें. तो बराच वेळ चांदणीकडे पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, "तिकडे एकदां पाणी होतें, तें कोणालाच राखतां आलें नाहीं?"

"तेथें राखणारें कोणी नव्हतें," आम्ही म्हणालों.

खालून दुसऱ्यांदा हांक आली आणि आम्ही सगळे जेवावयास उतरलों.