मृत्युपत्रात मुलांसाठी एक वाटा

मागच्या भागात आपण मृत्युपत्र का करायचं ते पाहिलं. आज त्यातून गरजू मुलांसाठी काही ठेवायचं असेल तर कसं लिहायचं, ते बोलू.

इथे भिलाईत माझे एक शेजारी होते, स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. "माझ्यामागे पाच लाख अनाथ मुलांच्या शिक्षणाला द्यायचे," असं ते नेहमी म्हणायचे. लिहिलं मात्र कधीच नाही. ते गेले आणि कायद्याप्रमाणे सगळं वारसांमध्ये वाटलं गेलं. मुलं वाईट नव्हती हो; पण कुठल्या संस्थेला द्यायचे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. फौजेत आम्ही महत्त्वाचा आदेश लेखी देत असू, तो याचसाठी.

पण नुसतं लिहूनही भागत नाही. मुंबईच्या एका मृत्युपत्रात संपत्ती 'धर्मासाठी' ठेवली होती. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ते दान रद्द ठरवलं, कारण शब्द फार मोघम होता. याउलट सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये ट्रस्ट उभा राहिला, तो शंभर वर्षांनंतरही काम करतोय.

म्हणून 'गरीब मुलांना' एवढंच लिहू नका. संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि पैसा कशासाठी, हे लिहा. संस्था पुढे बंद पडली तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुठल्या संस्थेला द्यायचं, तेही लिहा. ठरावीक रकमेऐवजी टक्केवारी लिहिली तर बरं. आजारपणात पुंजी घटली तरी पत्नीचा आणि मुलांचा वाटा त्याच प्रमाणात राहतो.

आपण कमावलेलं आपण देऊ शकतो. वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला हिस्सा. प्लांटचं घर लीजवर घेतलं असेल तर आधी लीजच्या अटी वाचा.

स्टॅम्प पेपर लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आपल्याकडे ती उप-पंजीयक कार्यालयात होते. महाराष्ट्रात त्यालाच दुय्यम निबंधक म्हणतात. अंमलबजावणी करणारा माणूस, म्हणजे एक्झिक्युटर, आपल्यापेक्षा वयाने लहान नेमा.

आणि शेवटचं. घरच्यांना आधी सांगा. मी दहा टक्के ठेवलेत, ते मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवून सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, संस्था आपण एकदा बघून येऊ या." पुढच्याच रविवारी आम्ही जाऊन आलो. आता माझ्यामागे तिला कुणाला पत्ता विचारावा लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.