परमुलखातील कसोटी : रग्बीचा एक लांबचा दौरा

रग्बी हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांत कोणी खेळत नाही. तरीही त्या खेळातील एका दौऱ्याची माहिती करून घेण्यासारखी आहे. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांच्या रग्बी मंडळांनी २०२६ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरसाठी एक मोठा दौरा ठरवला. न्यूझीलंडच्या संघाने आठ सामने खेळावयाचे. त्यांत चार प्रांतिक संघांशी चार, आणि दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाशी चार कसोट्या. असा जुन्या वळणाचा लांब दौरा या दोन देशांत फार वर्षांनी ठरला. जाणकार याला अवघड दौरा म्हणतात. अवघड का, ते आपण आज समजून घेऊ.

आधी खेळाची तोंडओळख. एका बाजूला पंधरा गडी. चेंडू अंड्याच्या आकाराचा, त्यामुळे तो जमिनीवर आपटला की कोणत्या दिशेला उडेल याचा नेम नाही. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात. आजच्या नियमाने त्याचे पाच गुण. गंमत अशी, की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. जोडीदाराला द्यायचा तर बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जायचे, पण देवाणघेवाण मागे! चेंडू घेऊन पळणाऱ्याला प्रतिपक्षाचे गडी कमरेला मिठी मारून खाली पाडतात. हुतूतूत पकड करतात, तसेच. कोणाकडून नियमभंग झाला की समोरच्या बाजूला पेनल्टी मिळते. ती लाथेने दोन उभ्या खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारली की तीन गुण. खेळता खेळता चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच असाच मारला तर तो ‘ड्रॉप गोल’, त्याचेही तीन. आणि ‘स्क्रम’ म्हणजे दोन्ही बाजूंच्या आठ-आठ धिप्पाड गड्यांनी खांद्याला खांदा भिडवून केलेली रेटारेटी. असा खेळ ऐंशी मिनिटे चालतो.

आता अडचणी पाहू. पहिली अडचण हवेची. शाळेतल्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर शिक्षकांनी मुलांना जोहान्सबर्ग दाखवावे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच पठारावर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच जागी ऐंशी मिनिटे धावायचे, धडका द्यायच्या आणि रेटारेटी करायची! तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी असतो. श्वास घ्यावा, पण छाती भरल्यासारखी वाटू नये, अशी गत होते. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात. प्रिटोरिया जवळजवळ महाबळेश्वराइतक्या उंचीवर आहे. डर्बन आणि केप टाऊन मात्र समुद्रकाठी. म्हणजे एकाच दौऱ्यात कधी कोकणातली हवा, तर कधी घाटमाथ्याची. शिवाय विरळ हवेत लाथाडलेला चेंडू अधिक लांब जातो. तिथे वाढलेल्या गड्याला त्याचा अंदाज असतो, पाहुण्याला तो नव्याने बांधावा लागतो.

दुसरी अडचण घड्याळाची. दक्षिण आफ्रिकेत सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूझीलंडमध्ये हिवाळ्यात रात्रीचे आठ झालेले असतात. झोपेची वेळ आणि खेळाची वेळ यांची सरमिसळ होते. पूर्वी आगबोटीने कित्येक आठवडे प्रवास असे. अंग आखडे, पण दिवस-रात्रीचा बदल हळूहळू अंगवळणी पडे. विमानाने प्रवास आटोपतो, झोप मात्र मागे राहते.

तिसरी अडचण डावपेचांची. यजमान आपल्या ताकदीचा खेळ खेळतो आणि पाहुण्याला तो खेळायला भाग पाडतो. १९४९ सालचे उदाहरण पाहा. केप टाऊनला पहिली कसोटी झाली. न्यूझीलंडने एक ट्राय केला, दक्षिण आफ्रिकेने एकही केला नाही. तरी सामना दक्षिण आफ्रिकेने १५-११ असा जिंकला. कसा? ओकी गेफिन नावाचा एक धिप्पाड गडी स्क्रमच्या पहिल्या रांगेत खेळे. दुसऱ्या महायुद्धात तो युद्धकैदी होता. त्याने त्या दिवशी पाच पेनल्ट्या खांबांमधून मारल्या. पाच त्रिक पंधरा. यजमानांचे सगळे गुण त्या एका माणसाचे. पाहुण्यांनी नियम मोडावा अशी पाळी त्यांच्यावर आणायची आणि मग लाथेने गुण घ्यायचे, हा तो हिशेब. त्या काळी कसोटीचे पंचही यजमान देशाचेच असत, हे लक्षात ठेवावे.

या सगळ्यांचा परिणाम आकड्यांत पाहा. १९२८, १९४९, १९६०, १९७० आणि १९७६ असे पाच दौरे न्यूझीलंडने तिथे केले. प्रत्येकात चार कसोट्या, एकूण वीस. त्यांतल्या जिंकल्या पाच, बरोबरीत सुटली एक, हरले चौदा. १९२८ ची मालिका दोन-दोन अशी बरोबरीत राहिली. पुढच्या चारही मालिका गमावल्या. न्यूझीलंडचा संघ म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. काळ्या पोशाखामुळे ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणून तो जगभर दबदबा राखून असलेला. मग असे का व्हावे?

हवा, घड्याळ आणि डावपेच यांनी बरेचसे उत्तर मिळते, पण सगळे मिळत नाही. उरलेले उत्तर मैदानाबाहेर आहे.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. रग्बीत त्यांचे नाव मोठे. जॉर्ज नेपिया हा माओरी तरुण १९२४-२५ च्या दौऱ्यावर गेला तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा असा तो दौरा. बत्तीस सामने झाले, सगळे जिंकले, आणि बत्तीसही सामन्यांत नेपिया खेळला. पण १९२८ साली दक्षिण आफ्रिकेला जाताना नेपियाला घरी ठेवले गेले. कारण तिथे गोऱ्यांचे राज्य आणि गोऱ्यांचा वर्णभेद. कातडीचा रंग यजमानांना चालत नाही, म्हणून न्यूझीलंडच्या मंडळाने आपलाच हिरा घरी ठेवला.

१९४९ सालीही तेच. जॉनी स्मिथ आणि व्हिन्स बेव्हन हे नामांकित खेळाडू माओरी रक्ताचे म्हणून मागे राहिले. तीस गडी आफ्रिकेत गेले असताना ऑस्ट्रेलियाचा संघ न्यूझीलंडमध्ये आला. त्याच्याशी खेळायला दुसरा संघ उभा केला गेला आणि त्याचा कर्णधार होता जॉनी स्मिथ. ३ सप्टेंबर १९४९ या एकाच दिवशी न्यूझीलंडने दोन कसोट्या खेळल्या, एक डर्बनला आणि एक घरच्या वेलिंग्टनला. दोन्ही हरले! दुफळी झालेल्या घराचे दुसरे काय होणार? आफ्रिकेतली मालिका तर चार-शून्य अशी गेली.

हळूहळू न्यूझीलंडच्या लोकांनाच ही गोष्ट टोचू लागली. १९६० च्या दौऱ्याआधी ‘माओरी नाहीत, तर दौरा नाही’ अशी चळवळ झाली. उण्यापुऱ्या चोवीस लाख वस्तीच्या देशात दीड लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तरी संघ गेलाच, माओरींशिवाय गेला आणि मालिका हरून आला. १९६७ चा दौरा मात्र याच कारणाने रद्द झाला. पुढे १९७० साली माओरी आणि सामोअन वंशाचे खेळाडू प्रथमच गेले, पण कसे? यजमानांनी त्यांना ‘मानद गोरे’ ठरवले तेव्हा! पाहुण्याला घरात घ्यायचे, पण आधी त्याची जात पुसून घ्यायची, असा हा पाहुणचार.

१९७६ साली गोष्ट आणखी पुढे गेली. १६ जून रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत शाळकरी मुलांनी मोर्चा काढला. त्यांच्यावर सक्तीने लादलेल्या भाषेतले शिक्षण त्यांना नको होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, मुले मेली. अशा वेळी न्यूझीलंडचा संघ तिथे खेळायला गेला. त्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक देशांनी, मुख्यतः आफ्रिकेतल्या, मॉन्ट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. आपल्या देशाने दोनच वर्षांपूर्वी, १९७४ साली, डेव्हिस चषक टेनिसच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला होता. चषक हातातोंडाशी आला होता, तो सोडला. एका देशाने चषक सोडला, दुसऱ्याने दौरा सोडला नाही. यांतला फरक शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे.

आता १९९६ साली येऊ. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताधिकार मिळाला, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि वर्णभेदाचे राज्य गेले. न्यूझीलंडचा संघ आता कोणालाही वंशामुळे मागे न ठेवता गेला. कर्णधार शॉन फिट्झपॅट्रिक, प्रशिक्षक जॉन हार्ट. नेहमीपेक्षा मोठा, छत्तीस जणांचा ताफा बरोबर घेतला. कसोटीचे गडी दमू नयेत म्हणून अधल्यामधल्या सामन्यांना वेगळेच पंधरा उतरवायचे, अशी योजना. डर्बनची पहिली कसोटी त्यांनी २३-१९ अशी जिंकली. २४ ऑगस्टला दुसरी कसोटी प्रिटोरियाला, उंचावर. लाथ मारण्यात पटाईत असलेला अँड्र्यू मेहर्टेन्स दुखापतीने बाहेर बसलेला. त्याच्या जागी सायमन कलहेन खेळत होता, तोही जायबंदी झाला. तेव्हा जॉन प्रेस्टन नावाचा राखीव गडी आत आला. त्याने दोन पेनल्ट्या मारल्या. झिन्झान ब्रुकने एक ड्रॉप गोल मारला. शेवटच्या मिनिटांत यजमानांच्या लाटांवर लाटा येत राहिल्या, आणि सामना ३३-२६ असा न्यूझीलंडने राखला. शिट्टी वाजली तेव्हा जिंकलेले गडी उभे राहण्याच्याही स्थितीत नव्हते. पुढच्या आठवड्यात जोहान्सबर्गला ते हरले. पण मालिका दोन-एक अशी त्यांची झाली. १९२८ पासून अडुसष्ट वर्षे चाललेली खटपट सफल झाली.

यातून काय दिसते? परमुलखातली मालिका पंधरा जणांनी जिंकता येत नाही. प्रेस्टन कसोटीच्या पहिल्या पंधरांत नव्हता, पण विजयात त्याचा वाटा पहिल्या पंधरांइतकाच. आणि ज्या देशाने आपला नेपिया, आपला जॉनी स्मिथ घरी ठेवला, त्याने निघण्याआधीच निम्मी लढाई गमावली होती. शेतीत जसे पेरणीच्या वेळी बी राखले नाही तर सुगीला रडून उपयोग नाही, तसेच हे. मालिका संघनिवडीच्या दिवशीच सुरू होते.

यजमानांनीही हा धडा घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९५, २००७, २०१९ आणि २०२३ असे चार वेळा विश्वचषक जिंकले. २०२३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी आठ राखीव गड्यांपैकी सात स्क्रमचे दणकट गडी ठेवले होते. पहिले दमले की ताज्या दमाचे आत, असा हा डाव. तो सामना त्यांनी न्यूझीलंडविरुद्धच १२-११ असा एका गुणाने जिंकला. त्या संघाचा कर्णधार सिया कोलिसी. कसोटी संघाचे नेतृत्व करणारा हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू. हा मान त्याला २०१८ साली मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी न्यूझीलंडला त्यांच्याच वेलिंग्टनमध्ये ४३-१० असे नमवले. एवढ्या फरकाने न्यूझीलंड पूर्वी कधी हरला नव्हता.

तेव्हा २०२६ च्या दौऱ्याची आखणी वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, चारपैकी दोन कसोट्या जोहान्सबर्ग परिसरात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंचावर. मधली केप टाऊनला, समुद्रकाठी. दोन, चौथी कसोटी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ठरली. तिथे दोन्ही संघ पाहुणे, दोघांनाही आठवड्याभरात समुद्रापलीकडे जाऊन नव्या घड्याळाशी जुळवून घ्यायचे. तीन, अशा मालिकेत पहिल्या पंधरांच्या नावांपेक्षा राखीव गड्यांची नावे आधी पाहावीत. साठाव्या मिनिटानंतर कोण आत येतो, त्यावर बरेच काही ठरते.

आणि एक गोष्ट आकड्यांत न मावणारी. तिसरी कसोटी ज्या मैदानावर ठरली ते सोवेटोच्या वेशीवर आहे. १९७६ मध्ये जिथे मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेच सोवेटो, त्या घटनेला बरोबर पन्नास वर्षे होत असताना. तेव्हा न्यूझीलंडचा संघ त्या गावाकडे पाठ करून खेळला होता. आता खेळ त्याच गावाच्या दारात न्यायचा ठरला, आणि दोन्ही संघांत येण्यासाठी कोणाच्याही कातडीचा रंग विचारला जात नाही. मालिका कोण जिंकतो ते गुणफलक सांगेल. पण इथवर येण्यासाठी दोन्ही देशांना किती वर्षे चालावे लागले, ते गुणफलकावर लिहिलेले नसते. ते आपण मुलांना सांगायचे.